कामगारांना उत्तरे पाठ करायला लावू नका

माननीय संपादक महोदय,
स. न. वि. वि.

गेल्या महिन्यात एका परिचित कारखानदाराने मला एका कार्यशाळेचे निमंत्रण पाठवले. परदेशी बायरने मागितलेले सोशल ऑडिट ‘पहिल्याच फेरीत’ पार पाडून देण्याची हमी त्या पत्रकात होती, आणि दिवसभराच्या कार्यक्रमात ‘वर्कर इंटरव्ह्यूची तयारी’ या विषयाला दीड तास दिलेला होता. त्या दीड तासापायी मी हे पत्र लिहीत आहे. सोलापुरातल्या टेरी टॉवेलच्या निर्यातदार कारखान्यांत मी एकवीस वर्षे टाइम ऑफिस आणि पर्सोनेल विभागात काम केले. अशा ऑडिटची तयारी मी स्वतः पंधरा-सोळा वेळा करून घेतली आहे, त्यामुळे त्या दीड तासात काय शिकवले जाते ते मला पुरते ठाऊक आहे. ते मीही शिकवले आहे, आणि ते चूक होते.

धंद्याबाहेरच्या वाचकांसाठी थोडे सांगणे आवश्यक आहे. परदेशातली जी कंपनी, म्हणजे बायर, आपल्याकडून टॉवेल घेते, ती रंगाचा पक्केपणा, वजन आणि धुतल्यावर माल किती आटतो एवढेच पाहून थांबत नाही. तो टॉवेल लहान मुलांच्या हातून शिवून घेतलेला नाही, शिवणाऱ्या बाईला किमान वेतन मिळते आणि आग लागली तर तिला बाहेर पडायला वाट आहे, याचीही हमी तिला आपल्या ग्राहकांना द्यावी लागते. त्यासाठी कारखान्याची जी तपासणी होते, तेच सोशल ऑडिट. लेव्ही स्ट्रॉस कंपनीने १९९१ मध्ये आपल्या पुरवठादारांसाठी अशी आचारसंहिता केली आणि पुढच्या दहा-बारा वर्षांत त्या वाटेने बरेच जण गेले. एसए ८००० हे मानक १९९७ मध्ये आले, ब्रिटनमधील एथिकल ट्रेडिंग इनिशिएटिव्हची मूळ संहिता १९९८ ची, तर युरोपीय आयातदारांची बीएससीआय २००३ ची. माझ्या कामात सर्वांत जास्त वेळा आले ते सेडेक्स या संस्थेच्या पद्धतीने होणारे स्मेटा ऑडिट. या स्मेटात पास-नापास असे काही नसतेच. काय आढळले, कोणती त्रुटी किती दिवसांत दूर करणार, याचा अहवाल तेवढा असतो. तरीही ‘सेडेक्स सर्टिफाइड’ अशा पाट्या मी दारावर लागलेल्या पाहिल्या आहेत, आणि ही गफलत किरकोळ नाही, कारण ज्या गोष्टीत नापास होताच येत नाही तिच्यात पास होण्यासाठी माणसे खोटे बोलायला शिकतात.

ऑडिटर हा सरकारी निरीक्षक नव्हे. तो बायरने मान्य केलेल्या संस्थेचा माणूस असतो आणि त्याची फी बहुधा कारखान्यालाच भरावी लागते. त्याच्याकडे कायद्याचा अधिकार नाही, पण त्याच्या अहवालावर ऑर्डर अवलंबून असते. औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाच्या पत्राला महिनाभर उत्तर न देणारे कारखाने बायरच्या ईमेलनंतर त्याच रात्री बैठक बोलावतात, हे मी जवळून पाहिले आहे.

त्या ईमेलपासून तयारीचे पंधरा-वीस दिवस सुरू होतात. आधी सेडेक्सच्या संकेतस्थळावर कारखान्याने स्वतःविषयीची लांबलचक प्रश्नावली भरायची असते : कामगार किती, स्त्रिया किती, कंत्राटी किती, पाळ्या कोणत्या, इमारतीत कोणी राहते का, पाण्याचा निचरा कुठे होतो. मग कागदांची जुळवाजुळव होते : फॅक्टरी लायसन्स, मंजूर नकाशा, फायर एनओसी, बॉयलरचे प्रमाणपत्र, पीएफ आणि ईएसआयची (कामगार विम्याची) चलने, वयाचे दाखले, नेमणूकपत्रे, बारा महिन्यांचे हजेरीपत्रक आणि पगारपत्रक. त्याच वेळी खाली शेडमध्ये रंगकाम सुरू होते. चालण्याच्या वाटा पिवळ्या पट्ट्यांनी आखल्या जातात, आपत्कालीन दारासमोर रचलेल्या गाठी उचलून गोदामात नेल्या जातात, अग्निशामक नळकांड्यांवर नव्या तारखेची चिठ्ठी लागते, प्रथमोपचार पेटीत कापूस आणि मलम येते आणि टाइम ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये असलेली तिची किल्ली त्या दिवसापुरती पेटीलाच अडकवली जाते. लैंगिक छळ प्रतिबंधक समितीच्या फलकावर ज्या तीन बायकांची नावे लिहिली जातात, त्यांतल्या एखादीला आपण समितीवर आहोत हे ऑडिटच्या आदल्या दिवशी कळते.

हे सगळेच वाईट आहे असे माझे म्हणणे मुळीच नाही. या शहरात यंत्रमागावर बारा-बारा तासांच्या दोन पाळ्या आणि मीटरवर किंवा नगावर मजुरी, ही पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली रीत आहे, आणि पीएफ म्हणजे काय हे ठाऊक नसलेली माणसे साठी गाठून घरी बसली आहेत. ज्या कारखान्यांत परदेशी ऑडिट आले तिथे मागांच्या खडखडाटात कानाला प्लग मिळाले, बायकांसाठी कडी लागणारी शौचालये झाली, पगार बँकेत जमा होऊ लागला, ईएसआयचे कार्ड हातात आले. माझ्याच खात्यातल्या एका वाइंडिंगवाल्या बाईच्या नवऱ्याचे ऑपरेशन त्या कार्डावर झाले, आणि ते कार्ड आम्ही काढले होते ते ऑडिट येणार म्हणून. दार मोकळे करण्यासाठी बायरचा ईमेल यावा लागतो ही शरमेची गोष्ट असली, तरी मोकळे झालेले दार मोकळेच असते. प्रश्न एवढाच की ऑडिटर गेल्यावर तिसऱ्या दिवशी गाठी पुन्हा त्याच दारासमोर आल्या की नाही. बहुतेक वेळा येत असत.

पण तयारीचा खरा गुंता हजेरीत असतो, तो दारातल्या गाठींसारखा उचलून बाजूला ठेवता येत नाही. आपला कायदा आठवड्याला ४८ तास सांगतो आणि त्यापुढच्या प्रत्येक तासाला दुप्पट दर. फॅक्टरी कायदा १९४८ चा असो की आताच्या श्रमसंहिता, यात फरक नाही. एथिकल ट्रेडिंगची संहिता ओव्हरटाइम धरून आठवड्याला ६० तासांची मर्यादा घालते. ख्रिसमसच्या विक्रीचा माल आपल्याकडून गणपती-नवरात्राच्या सुमारास न्हावाशेवाला रवाना व्हावा लागतो. बायरकडून रंगाची मंजुरी तीन आठवडे उशिरा आली तरी जहाजाची तारीख बदलत नाही, आणि ते तीन आठवडे शेवटी हेमिंग (टॉवेलच्या कडा शिवणे) आणि पॅकिंगच्या बायकांच्या अंगावर पडतात. मग रात्री दहापर्यंत काम चालते, रविवार भरले जातात आणि त्या तासांचे पैसे एकपट दराने, वेगळ्या पाकिटातून, व्हाउचरवर दिले जातात. बायरला दाखवायच्या हजेरीत मात्र सगळे साडेपाचला घरी गेलेले असतात आणि रविवारी शेडला कुलूप असते. याला धंद्यात ‘दुसरे मस्टर’ म्हणतात. तयार मस्टर बनवून देणारे कन्सल्टंट आहेत, बायोमेट्रिकच्या नोंदी ‘साफ’ करून देणारी सॉफ्टवेअर आहेत, आणि कार्यशाळेतल्या त्या दीड तासाचे कामही हेच, की कागदावर जे लिहिले ते माणसांच्या तोंडून वदवून घ्यायचे.

इथे मला एक प्रसंग सविस्तर सांगितला पाहिजे. २०१४ सालातली ही गोष्ट. टॉवेल शिवणाऱ्या खात्यात मशीनची सुई तुटली की तिचे सगळे तुकडे शोधून रजिस्टरमध्ये चिकटवायचे असतात, कारण एखादा तुकडा टॉवेलच्या फासात राहिला तर तो परदेशात कोणाच्या तरी अंगाला टोचेल. तारीख, वेळ, मशीन नंबर, चालवणाऱ्याची सही आणि त्याखाली चिकटपट्टीने लावलेले सुईचे तुकडे, असे ते पान असते. हे रजिस्टर क्वालिटी विभागाचे. आमच्या टाइम ऑफिसचा त्याच्याशी संबंध नसे, त्यामुळे हजेरी ‘जुळवताना’ ते कोणाच्या ध्यानातच आले नाही. ऑडिटला आलेल्या बाईंनी दुपारी चहा पिता पिता ते रजिस्टर चाळले आणि एका पानावर थांबून मला विचारले, “या तारखेला कोणता वार होता?” वार मला पाठ होता. नारळी पौर्णिमेचा मार्कंडेय रथोत्सव झाल्यानंतरचा तो रविवार होता, आणि आमच्या हजेरीत त्या दिवशी साप्ताहिक सुट्टी होती. पानावर पिवळ्या पडू लागलेल्या पट्टीखाली एकाच सुईचे तीन तुकडे अगदी टोकाला टोक जुळवून लावलेले होते. वेळ चार वाजून चाळीस मिनिटे. खाली तेलुगूत सही.

ज्या बाईची ती सही होती, तिला मुलाखतीला बोलावले गेले. ऑडिटर बाईंनी तिला रजिस्टर दाखवले नाही, तिच्यावर बालंट येऊ नये याची काळजी घेतली. एवढेच विचारले की रविवारी काम असते का. आदल्या दोन दिवसांत मी आणि सुपरवायझरने तिच्यासह चाळीस बायकांकडून उत्तरे घोकून घेतली होती. तिने अगदी तसेच सांगितले : रविवारी सुट्टी असते, साडेपाचला सुटी होते, जादा काम केले तर डबल पगार मिळतो, आम्हाला काही त्रास नाही. अहवालात नोंद झाली ती अशी की कारखान्याच्या नोंदी एकमेकींशी जुळत नाहीत, त्यामुळे कामाचे तास आणि वेतन यांची पडताळणी करता आली नाही. संध्याकाळी व्यवस्थापकांचा समज झाला की बाईनेच काहीतरी फोडले. तिला दोन दिवस गेटवरून परत पाठवले गेले. तिसऱ्या दिवशी ती माझ्या टेबलाशी आली आणि म्हणाली, “साहेब, तुम्ही सांगितलं तेच बोलले मी. मग माझं काय चुकलं?”

तिला काय उत्तर द्यावे हे मला तेव्हा सुचले नाही. त्या दोन दिवसांची मजुरी मी तिला भरून देववली, पण तो काही या प्रश्नाचा जबाब नव्हे. पुढे कित्येक दिवस विचार केल्यावर माझ्या लक्षात आले की त्या खोलीत बसून तिने जे म्हटले, त्यातून तिने स्वतःचेच पैसे बुडवले होते. आठवड्याचे ४८ तास भरल्यानंतर केलेल्या त्या रविवारच्या आठ तासांचा दुप्पट मोबदला तिचा होता. तिला एकपट मिळाला, आणि तो दुप्पट मिळाला अशी साक्ष आम्ही तिच्याच तोंडून घेतली. आपण कामगाराला जे उत्तर शिकवतो ते कारखान्याच्या बचावाचे उत्तर आहे असे वाटते. प्रत्यक्षात ती त्या कामगाराची स्वतःच्या हक्कावर पाणी सोडणारी जबानी असते. उद्या ती त्या पैशांसाठी कामगार न्यायालयात गेली तर तिचीच जबानी तिच्यासमोर ठेवता येईल. एवढा अन्याय करून घेणाऱ्या गोष्टीला ‘तयारी’ हा शब्द लावू नये.

सोलापूरच्या बाबतीत या मुलाखतींची आणखी एक अडचण आहे, तिच्याकडे मुंबई-बंगळुरूहून येणाऱ्या संस्थांचे पुरेसे लक्ष गेलेले मला दिसले नाही. आपल्या पूर्वभागातल्या कामगारांची घरची भाषा तेलुगू आहे, बऱ्याच जणांची कन्नड आहे. ऑडिटर हिंदीत विचारतो, बाई गप्प राहते, मग कोणीतरी चटकन म्हणते की आमच्या सुपरवायझरला तेलुगू येते, त्याला बोलवा. ज्याच्याविषयी तक्रार असू शकते तोच दुभाषा होऊन शेजारी बसतो. मी स्वतः अशा दोन मुलाखतींच्या खोलीबाहेर उभा होतो; आतून बाईचे चार वाक्यांचे बोलणे ऐकू आले आणि त्याचे भाषांतर “सब ठीक है, बोलती है” एवढेच झाले.

आणि जे कारखान्याच्या भिंतीबाहेर घडते ते तर मुलाखतीच्या यादीतही येत नाही. हंगामात हेमिंगचा, लेबल लावण्याचा, झालर बांधण्याचा माल टेम्पोने छोट्या जॉबवर्कवाल्यांकडे आणि तिथून घराघरात जातो. बायरच्या कराराप्रमाणे त्याला न कळवता असे काम बाहेर देणे हा गंभीर दोष आहे, म्हणून ऑडिटच्या आठवड्यात ते टेम्पो थांबतात. त्या आठवड्यात त्या घरांतल्या बायकांना काम नसते आणि मजुरीही नसते. ऑडिटमुळे कोणाचे नुकसान झाले असे विचारले तर पहिले उत्तर हे आहे, पण या बायकांना विचारायला कोणी येत नाही.

खोट्या उत्तरांची किंमत पैशातच मोजून भागत नाही. कराचीच्या बाल्दिया भागातल्या अली एंटरप्रायझेस या कपड्यांच्या कारखान्याला ऑगस्ट २०१२ मध्ये एसए ८००० चे प्रमाणपत्र मिळाले आणि ११ सप्टेंबर २०१२ ला तिथे आग लागून अडीचशेहून अधिक माणसे मेली. ती आग मुद्दाम लावली होती असे तिथल्या न्यायालयाने पुढे ठरवले. तरी खिडक्यांना गज आणि बाहेरच्या दारांना कुलुपे होती म्हणून माणसे आत अडकली, आणि ते गज आणि ती कुलुपे प्रमाणपत्र देतानाही तिथेच असणार. त्यानंतर साडेसात महिन्यांनी, २४ एप्रिल २०१३ ला, ढाक्याजवळच्या सावर इथली राणा प्लाझा ही इमारत कोसळून अकराशेहून अधिक जण गेले. त्या इमारतीतल्या दोन कारखान्यांची बीएससीआयच्या पद्धतीने तपासणी झालेली होती. इमारतीच्या भिंतींना आदल्या दिवशीच तडे दिसले होते; खालच्या मजल्यावरच्या बँकेने आपले कर्मचारी घरी पाठवले, आणि वरच्या मजल्यांवरच्या शिलाई कामगारांना मात्र दुसऱ्या दिवशी कामावर बोलावले गेले. ती माणसे तडे पाहून घाबरली नव्हती असे नाही. पण ‘मी आत जाणार नाही’ असे म्हणण्याची सोय त्यांना कोणी ठेवली नव्हती. ‘सगळे ठीक आहे’ एवढेच बोलायची सवय आपण ज्याला लावली, तो तडा दिसला तरी कोणाला सांगेल?

हे दूरचे झाले असे कोणी म्हणेल. १८ मे २०२५ च्या पहाटे आपल्याच अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्याला आग लागली आणि मालक, त्यांच्या घरची माणसे आणि कामगार धरून आठ जीव गेले. त्या घटनेची चौकशी करणे हे माझे काम नाही आणि त्या कुटुंबाच्या दुःखात दोष शोधण्याचा मला अधिकारही नाही. टेरी टॉवेलच्या शेडमध्ये तूस कसे उडते, ते ट्यूबलाइटच्या पट्ट्यांवर आणि वायरिंगवर कसे साचते आणि एक ठिणगी किती वेगाने पसरते, हे या धंद्यातल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. राहण्याची जागा आणि कारखाना एका इमारतीत असू नयेत हा ऑडिटच्या प्रश्नावलीतला साधा प्रश्न आहे, आणि आपल्याकडे तो ‘नाही’ अशी खूण करून पुढे सरकण्याचा प्रश्न होऊन बसला आहे.

यात कारखानदारांना एकट्यालाच उभे करणे न्याय्य होणार नाही. बायर कंपनीचे दोन विभाग आमच्याशी दोन भाषांत बोलतात. नियमपालन पाहणारा कम्प्लायन्स विभाग सांगतो की आठवड्याला ६० तासांच्या वर कोणी काम करता कामा नये. खरेदी विभाग त्याच आठवड्यात टॉवेलमागे सहा सेंट कमी मागतो आणि माल दहा दिवस लवकर हवा म्हणतो. जर्मनीत १ जानेवारी २०२३ पासून पुरवठा साखळीचा कायदा लागू झाल्यावर तिकडच्या मोठ्या कंपन्यांवर जबाबदारी आली. आमच्यापर्यंत त्यातले जे पोहोचले ते आणखी एका प्रश्नावलीच्या आणि सही करून पाठवायच्या आणखी एका हमीपत्राच्या रूपात. एकाच वर्षात चार बायरांसाठी चार निरनिराळी ऑडिट झालेला कारखाना मला माहीत आहे. चारही वेळा तीच दारे, तीच रजिस्टरे आणि त्याच बायका. दुरुस्तीला लागणारा पैसा मात्र चौघांपैकी एकानेही दिला नाही. हे सगळे खरे आहे. तरीही बायरच्या लबाडीचे ओझे त्या सुईवाल्या बाईने का वाहावे, याचे उत्तर त्यातून मिळत नाही.

दुसऱ्या रीतीने तयारी होऊ शकते, हे मी अनुभवावरून सांगतो. नोकरीची शेवटची सहा वर्षे मी ज्या कारखान्यात होतो, तिथल्या तरुण मालकाने माझे ऐकले आणि आम्ही दुसरे मस्टर बंद केले. पहिल्या ऑडिटला खरी हजेरी टेबलावर ठेवली. हंगामातल्या तीन महिन्यांत हेमिंग विभागाचे आठवड्याचे तास अडुसष्ट-सत्तरपर्यंत गेलेले दिसत होते आणि अहवालात अकरा त्रुटी आल्या. त्या रात्री मालकाला झोप लागली नाही, मलाही नाही. त्या अकरांतल्या सात त्रुटी दोन महिन्यांत मिटल्या, कारण त्या पैशापेक्षा लक्ष देण्याच्या होत्या. तासांचा प्रश्न मिटायला आठ महिने लागले : हेमिंगला दुसरी पाळी सुरू केली, बारा शिलाई मशीन घेतली, रंगाच्या मंजुरीला उशीर झाला तर जहाजाची तारीख तेवढीच पुढे जाईल अशी अट दोन बायरांकडून लिहून घेतली. ओव्हरटाइमचे दुप्पट पैसे पगारपत्रकातच दिसू लागले, तेव्हा बायकांना काही शिकवायची गरज उरली नाही. मुलाखतीला जाण्यापूर्वी आम्ही त्यांना एवढेच सांगितले की कोण येणार आहे, तो कशासाठी येतो, आणि जे असेल ते बोला, तुमचे नाव आम्हाला कळणार नाही. एका बाईने कॅन्टीनच्या भाताची तक्रार केली, ती अहवालात आली, आणि भात बदलला.

एका बायरने आमचा पहिला अहवाल पाहून त्या हंगामाची ऑर्डर दिली नाही, हे लपवण्यात अर्थ नाही. पुढच्या वर्षी तो परत आला, पण ते वर्ष जड गेले. म्हणून मी कारखानदारांना हे फुकटात होते असे सांगणार नाही. एवढे मात्र सांगेन की बहुतेक बायरांच्या नियमावलीत जादा तास ही दुरुस्त करता येणारी त्रुटी असते आणि खोटे रजिस्टर ही संबंध तोडायला पुरेशी गोष्ट असते. जुन्या कारखान्यात त्या एका सुईच्या पानाने आमचे जेवढे नुकसान केले, तेवढे सत्तर तासांच्या खऱ्या हजेरीने कधी केले नाही.

आपल्या दैनिकाच्या माध्यमातून माझी कारखानदार, त्यांच्या संघटना आणि ऑडिट करणाऱ्या संस्था यांना काही विनंती आहे. कार्यशाळा जरूर घ्याव्यात, पण मुलाखतीच्या उत्तरांचा तो दीड तास काढून टाकावा. त्या वेळात पगाराची चिठ्ठी कशी वाचायची आणि आपल्या ओव्हरटाइमचा हिशेब कसा करायचा, हे कामगारांना शिकवता येईल. ऑडिटरसोबत तेलुगू आणि कन्नड जाणणारा दुभाषा यावा आणि तो कारखान्याच्या पगारावरचा नसावा. सोलापुरात अशी सुशिक्षित मुले-मुली हव्या तेवढ्या मिळतील. आणि ऑडिटमध्ये काय आढळले, कोणती दुरुस्ती कोणत्या तारखेपर्यंत होणार, याचा एक पानाचा गोषवारा मराठी आणि तेलुगूत कारखान्याच्या नोटीस बोर्डावर लागावा. बांगलादेशात राणा प्लाझानंतर मे २०१३ मध्ये ब्रँड आणि कामगार संघटना यांच्यात जो कायदेशीर बंधनकारक करार झाला, त्याखाली दीड हजारांहून अधिक कारखान्यांच्या सुरक्षा तपासण्यांचे अहवाल जाहीर केले गेले, कोणालाही वाचता येतील असे. तिथे ते झाले म्हणून तिथला धंदा बुडाला नाही. आपल्याकडे मात्र अहवाल बायरच्या संगणकात आणि मालकाच्या कपाटात राहतो, आणि ज्यांच्याविषयी तो लिहिला जातो त्यांना आपण काय बोललो याचे पुढे काय झाले हे कधीच कळत नाही.

तो गोषवारा बोर्डावर लावायला बायरची परवानगी लागते, असे मला एकदा सांगण्यात आले होते. आमच्या कारखान्याने ती ईमेलने मागितली आणि चौथ्या दिवशी मिळाली. ज्या कोणाला तसा अर्ज करायचा असेल त्याला मी त्याचा मसुदा आनंदाने देईन. या पत्रासोबत त्याची एक प्रत आपल्या कार्यालयाकडे पाठवली आहे.

कळावे, लोभ असावा.

आपला विश्वासू,
एक निवृत्त पर्सोनेल अधिकारी
सोलापूर